वजाबाकीचं कोलेस्टेरॉल

...आणि एवढं सगळं होऊन तो आकडा मोजलेलाच नव्हता! नाही, हसा तुम्ही, हसायला काय जातंय, तुमच्या ब्रेडला अजून लोणी लागतंय. मी नऊ दिवस उकडलेलं गाजर चावतोय, साय काढलेलं, म्हणजे साय काढून वर दोनदा गाळलेलं दूध पितोय, बायको माझ्याकडे अशी बघतेय की मी आत्ता कोसळणार आणि तिला धावत येऊन धरायचंय, आणि हे सगळं कशावरून? एका आकड्यावरून. एकशे बत्तीस. आणि तो आकडा कुणी मोजलेला नाही. काढलाय. वजाबाकी करून, शाळेत करतात तशी, हातचा घेऊन!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तुम्हाला काही नाही हो. पण तुम्हाला सांगतो, मी वजनमापं निरीक्षक आहे. एकतीस वर्षं. दुकानात शिरायचं, तराजू बघायचा, वजनं बघायची, काटा शून्यावर उभा राहतो का बघायचं, आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा: हा जो आकडा सांगताय, तो मोजलाय की काढलाय? कारण असे एकेक महाभाग असतात, पोतं नुसतं खांद्याला लावतात आणि म्हणतात, साहेब, पंचवीस आहे, हाताला कळतं. हाताला कळतं? मग सरकारनं मला ही पितळी वजनं मखमलीच्या पेटीत घालून कशाला दिलीत? त्या वजनांना मी उघड्या बोटानं शिवत नाही, चिमट्यानं उचलतो, कारण बोटाचा घामसुद्धा वजन वाढवतो. आणि हा माणूस, हा घामाचा हिशोब ठेवणारा माणूस, नऊ दिवस एका काढलेल्या आकड्याच्या तालावर गाजर खातोय.

झालं असं. ऑफिसात दर वर्षी तब्येतीची तपासणी असते. दर वर्षी मी जातो, रक्त देतो, रिपोर्टची घडी घालून कपाटात ठेवतो. या वर्षी डॉक्टरांनी बोलावलं. तरुण आहेत, आवाज मऊ, आणि मऊ आवाजाच्या डॉक्टरची मला फार भीती वाटते. ओरडणारा डॉक्टर बरा, तो निदान ओरडून मोकळा होतो. यांनी रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि एका आकड्याभोवती पेनानं गोल काढला. "हे बघा, एलडीएल. वाईट कोलेस्टेरॉल. एकशे बत्तीस आहे. तुमच्या बाबतीत मला हा एकशे तीसच्या खाली पाहिजे. महिनाभर पथ्य करा, पुन्हा तपासू. खाली आला तर पथ्यावर भागेल. नाही आला तर गोळी."

मी म्हटलं, "किती दिवस?"

"कायमची," ते म्हणाले, आणि किती मऊ म्हणाले म्हणून सांगू, जणू उशी देतायत.

मग विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?" मी म्हटलं, "नोंद नाही." बायको शेजारी बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. पण मी खोटं कुठे बोललो? नोंद नाहीच आहे. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी सकाळी दाराशी स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होते, एका बुटाची बांधून झाली, दुसऱ्याची राहिली. शेजारचे डॉक्टर धावत आले आणि म्हणाले, हार्ट असावं. असावं! कुणी तपासलं नाही, कुणी मोजलं नाही, आणि न मोजलेली गोष्ट मी सरकारी काय, खासगी फॉर्मवरसुद्धा लिहीत नाही. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता तुम्हाला खरं सांगू का, मी घाबरलो होतो. मी छपन्नचा आहे. अठ्ठावन्नातून छपन्न गेले की किती राहतात? वजाबाकी मलाही येते. आणि ती गोळी घेतली म्हणजे मी माझ्या हातानं वडिलांच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिलो, असं वाटत होतं. म्हणून मला तो आकडा एकशे तीसच्या खाली पाहिजे होता. तीन, फक्त तीन कमी. एवढीच मागणी होती हो माझी.

घरी आल्यावर बायकोनं लोणी हलवलं. म्हणजे फ्रिजमधून काढून कुठे ठेवलं ते अजून मला माहीत नाही. एकतीस वर्षं मी लोकांच्या गल्ल्याखालची चोरकप्प्यातली खोटी वजनं शोधून काढली, पण स्वतःच्या घरातलं लोणी मला सापडलं नाही. सकाळी कोरडा ब्रेड, दुपारी उकडलेलं, संध्याकाळी सकाळचं उकडलेलं गरम करून. मी म्हटलं, "अगं, याला मीठ तरी आहे का?" ती म्हणाली, "आहे की, अंदाजानं घातलंय." अंदाजानं! म्हणजे तेही मोजलेलं नाही. मी चमचा खाली ठेवला. तिनं परत हातात दिला.

नवव्या दिवशी मी तो रिपोर्ट पुन्हा काढला. माझ्याकडे एक भिंग आहे, वजनावरचे जुने शिक्के वाचायचं, आणि सवय अशी आहे की जिथे बारीक अक्षर दिसेल तिथे भिंग लावायचं, कारण लबाडी नेहमी बारीक अक्षरात राहते. बघतो तर एकशे बत्तीसच्या डोक्यावर एक चांदणी. खाली तळाला तशीच चांदणी. आणि तिच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरात: "गणिताने काढलेले". माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल मोजलंय, चांगलं कोलेस्टेरॉल मोजलंय, ट्रायग्लिसराइड की काय ती चरबी, तीही मोजलीय, आणि ज्याच्यापायी माझं लोणी गेलं, ज्याच्यावर डॉक्टरांनी पेनानं गोल काढला, नेमका तोच आकडा काढलेला!

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधी मी दारात. तिथे एक मुख्य बाई आहेत, चष्मा साखळीनं गळ्यात लटकतोय, चेहऱ्यावर काहीही नाही. मी दुकानात लावतो तो आवाज लावला. "हा आकडा," मी म्हटलं, "मोजलाय की काढलाय?"

"काढलाय," बाई म्हणाल्या.

असं कुणी कबूल करतं का? माझी तयारी होती ती आढेवेढे घेतील, साहेब आत या, बसा, चहा घ्या, असं होईल. या सरळ म्हणाल्या काढलाय आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिल्या. मग मीच आढेवेढे घ्यायला लागलो. "म्हणजे... कसा काढलाय?"

तर त्यांनी मला समजावलं, आणि तुम्हाला सांगतो, शहाण्या बाई आहेत. रक्तात एकूण कोलेस्टेरॉल असतं, ते समजा तीन पिशव्यांत भरलेलं. एक चांगली पिशवी, एक वाईट, आणि एक तिसरी, तिच्यात ट्रायग्लिसराइड जास्त असतं आणि कोलेस्टेरॉल थोडं. एकूण मोजता येतं, दोनशे बत्तीस. चांगली मोजता येते, अडतीस. तिसरी सहज मोजता येत नाही, म्हणून ट्रायग्लिसराइड घ्यायचं, तीनशे दहा, त्याला पाचानं भागायचं, आले बासष्ट, आणि म्हणायचं की तिसऱ्या पिशवीत बासष्ट. एकूणातून चांगली वजा, तिसरी वजा. राहिली ती वाईट. एकशे बत्तीस.

मी म्हटलं, "पाचानंच का?"

"बऱ्याच लोकांच्या रक्तात साधारण तेवढं निघतं म्हणून."

साधारण! बऱ्याच लोकांच्या! अहो, उद्या मी दुकानदाराला म्हणू का, की बऱ्याच लोकांच्या पोत्यात साधारण पंचवीस निघतात, तेव्हा तुमचंही पंचवीसच, लावा शिक्का?

तेव्हा बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. "साहेब, तुम्ही ट्रकचा काटा तपासता ना? भरलेला ट्रक काट्यावर घेता, मग रिकामा ट्रक घेता, आणि वजा करता. मग तो माल तुम्ही मोजला की काढला?"

एकतीस वर्षांत माझाच प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी दोन मिनिटं भिंतीवरचं "येथे थुंकू नये" वाचत उभा राहिलो, आणि मग सुचलं. "पण बाई, आम्ही रिकामा ट्रक खरंच काट्यावर घेतो. टायर मोजून, पाचानं भागून, ट्रक एवढ्याचा असावा असं म्हणत नाही!"

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या, "म्हणून तर नवीन सूत्रं आलीत." आणि इथे, इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी जिंकलो होतो. जिंकलेल्या माणसानं टोपी घालावी आणि घरी जावं. पण मी म्हटलं, "लावा नवीन सूत्र!"

त्यांनी लावलं. एक भलं लांब सूत्र आहे, त्यात गुणाकार, वर्ग, दशांश, कम्प्युटरसुद्धा क्षणभर थांबला. उत्तर आलं एकशे अडतीस. मी म्हटलं, दुसरं लावा. दुसऱ्यात एक मोठा तक्ता आहे, ज्याचं जसं रक्त तसा त्याचा भाजक, सगळ्यांना पाचच नाही. मला तो विचार फार आवडला, प्रत्येकाला स्वतःचं माप, न्याय म्हणतात तो हाच. माझा भाजक निघाला साडेसहाच्या जवळपास. म्हणजे तिसरी पिशवी लहान झाली, आणि वाईट पिशवी... एकशे सेहेचाळीस.

एकशे बत्तीसचे एकशे सेहेचाळीस. उभ्या उभ्या. काहीही न खाता!

"सूत्र तेच ठेवलेलं बरं, जुनं," मी म्हटलं, "जुनं ते अनुभवी असतं." पण बाईंपुढे माघार कशी घ्यायची? इतका आवाज करून आलेला माणूस. म्हणून जाता जाता तोऱ्यात एक कागद मागितला आणि अर्ज लिहून दिला: माझा एलडीएल सूत्राने न काढता थेट मोजून मिळावा. खाली सही, हुद्दा. बाई म्हणाल्या, "थेट मोजायचं रसायन इथे रोज नसतं, महाग पडतं, गरज असेल तेव्हाच मागवतो. पण अर्ज फाइलला लावते." मी मनात म्हटलं, फाइलला लागला म्हणजे सुटलो. सरकारी नोकरीत आयुष्य गेलंय, फाइलला लागलेला अर्ज परत वर येत नाही हे मला माहीत आहे. ती खासगी लॅब आहे हे मी विसरलो.

आणि दारातून वळून मी सहज विचारलं, अगदी सहज, "बाई, हे तपासणीला उपाशीपोटी का बोलावता?" त्या म्हणाल्या, "खाल्लं की ट्रायग्लिसराइड चढतं. विशेषतः तुपा-लोण्याचं खाल्लं की."

चढतं.

आता माझा मेहुणा. बायकोचा थोरला भाऊ, गणिताचा निवृत्त मास्तर, त्याला आकडा दाखवणं म्हणजे मांजराला दोरा दाखवणं. मी त्याला ते जुनं सूत्र माझ्या आकड्यांसकट कागदावर लिहून दिलं, कशासाठी ते नाही सांगितलं. त्यानं चष्मा चढवला. "भाऊजी, हे बघा, यात गंमत आहे. हा ट्रायग्लिसराइडचा आकडा वजा होतोय. म्हणजे तो जितका वाढेल तितकं उत्तर कमी येणार. पाचानं वाढवा, उत्तर एकानं उतरतं."

"म्हणजे पंधरानं वाढला..."

"तर तीन कमी. एकशे एकोणतीस." आणि मान वर करून, "हे कशाचं सूत्र आहे हो?"

मी म्हटलं, "गोडाऊनचं."

तुम्हाला सांगतो, त्या रात्री नाही, त्या क्षणीच माझ्या डोक्यात ते शिरलं. लोणी खाल्लं की आकडा चढतो, आणि तो चढला की वाईट आकडा उतरतो! म्हणजे लोणी खाल्लं की कोलेस्टेरॉल कमी! कागदावर हो, कागदावर, पण डॉक्टर कागदच बघतात ना? पेनानं गोल कशाभोवती काढला होता, माझ्या काळजाभोवती की कागदावरच्या आकड्याभोवती? पंधरा वाढवायचे. थोडी गळती-सांड धरून पन्नास. आणि मग मी जो माणूस आयुष्यभर चोरकप्पे उघडत फिरलो, ज्यानं पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं नखानं काढली, ज्यानं कागदाची ओली पिशवी वाळवून वजन केली, तो मी पारड्यावर अंगठा ठेवायला निघालो. माझ्याच रक्ताच्या पारड्यावर.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसात सगळे गेल्यावर मी दार लावलं, टेबलावर स्वच्छ कागद पसरला, आणि लोणी वजन केलं. ऑफिसच्या काट्यावर. प्रमाणित. शंभर ग्रॅम संध्याकाळी, शंभर सकाळी. ब्रेडच्या चार-चार फाका, दोन्ही वेळा सारख्या जाडीच्या. बाकी काही म्हणा, माझी लबाडीसुद्धा मोजलेली होती! एकच गोष्ट मोजायची राहिली, की किती ग्रॅम लोण्याला किती आकडा चढतो. ते काही कुठल्या वजनाच्या पेटीत येत नाही. ते मी काढलं. अंदाजानं.

सकाळी ऑफिसातून तोंड पुसून लॅबला. बाईंनी दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "उपाशीपोटी ना?" असे प्रश्न मी विचारत आलोय, "वजनं खरी ना?" आणि समोरचा माणूस डोळ्यांत बघून "हो साहेब" म्हणतो, तेव्हा मला कळतं. नेहमी कळतं. ते जरा जास्त डोळ्यांत बघतात. मी बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "हो."

बाईंनी नळी उजेडात धरली. रक्तानं भरलेली साधी नळी, मला काय कळतंय त्यातलं. बघून त्यांनी चष्मा खाली सोडला फक्त.

संध्याकाळी रिपोर्ट आणायला बायको बरोबर आली. मी नको म्हणत होतो, पण ती आली. लिफाफा मीच उघडला. एकूण दोनशे चाळीस. चांगलं छत्तीस. ट्रायग्लिसराइड... चारशे बारा. चारशे बारा! मी मनातल्या मनात भागलं, पाचानं, साधारण ब्याऐंशी, वजा केलं, एकशे बावीस. एकशे बावीस हो! आठानं खाली! माझा जीव भांड्यात पडला, अगदी आवाज होऊन पडला. मग एलडीएलच्या ओळीवर आलो. तिथे एकशे बावीस नव्हतं. तिथे लिहिलं होतं: "ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर असल्याने सूत्र लागू होत नाही". आणि त्याच्याखाली एक आकडा, चांदणीशिवाय, स्वच्छ, ठळक. एकशे एक्कावन्न.

मी बाईंकडे गेलो. मी म्हटलं, "हा... हा काढलाय कुठून?"

"काढला नाही," बाई म्हणाल्या. "मोजलाय. चारशेच्या वर सूत्र बिघडतं, मग थेट मोजावं लागतं. आणि तुमचा अर्ज होताच फाइलला."

बारा. बारानं गेलो. पन्नासाची मजल मारायला निघालो होतो, शंभराच्या वर गेलो. दोन फाका कमी खाल्ल्या असत्या तर आज मी एकशे तीसच्या खालचा माणूस असतो, बिनगोळीचा, ताठ मानेचा. मेहुण्याला फोन केला तर तो म्हणतो, "भाऊजी, सूत्राला मर्यादा असते हे मी सांगणारच होतो, तुम्ही म्हणालात गोडाऊनचं आहे."

लॅबच्या बाहेर फुटपाथवर बायकोनं रिपोर्ट घेतला. तिला ट्रायग्लिसराइड काय ते कळत नाही, पण तीनशे दहा आणि चारशे बारा यातला मोठा कुठला ते कळतं. महिनाभर तिनं माझं गाजर उकडलं होतं, स्वतःसुद्धा तेच खाल्लं होतं, मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. "अहो," ती म्हणाली, "काय खाल्लंत?"

मी म्हटलं, "मशीनचं काहीतरी असेल."

आणि ते तोंडातून गेलं तेव्हाच मला ऐकू आलं. एकतीस वर्षं मी हेच ऐकतोय. साहेब, वाऱ्यानं हललं. साहेब, काटा जुना आहे. साहेब, मशीनचं काहीतरी असेल. दंड करायच्या आधी मी नेहमी हसायचो. ती हसली नाही. तिनं माझ्या शर्टाच्या बाहीकडे बघितलं, तिथे लोण्याचा एक डाग होता, आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहून रडायला लागली. मोठ्यानं नाही. मी तिचा हात धरला. लोक बघत होते. मी इतका लाजलो तुम्हाला सांगतो, जप्त केलेल्या तराजूएवढा, ज्याला दुकानदार ओळखसुद्धा दाखवत नाही. मी तिथेच सगळं सांगितलं, शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम, चार फाका, चार फाका. ती रडता रडता म्हणाली, "तेसुद्धा मोजून खाल्लंत?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. मऊ आवाज. दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, आणि मी म्हटलं, बोलूच द्यायचं नाही, आपणच बोलायचं. मी त्यांना सूत्र सांगितलं, पाचाचा भाजक सांगितला, लांब सूत्र सांगितलं, तक्ता सांगितला, एकशे बत्तीस, एकशे अडतीस, एकशे सेहेचाळीस, एकशे एक्कावन्न, की बघा डॉक्टर, चार आकडे आहेत, मग खरा कुठला, मोजलेला की काढलेला, आणि शास्त्रालाच जर ठाऊक नाही तर एका माणसाला आयुष्यभराची गोळी... डॉक्टर ऐकत होते. मधे एकदा पेनाचं टोपण लावलं. मी थांबल्यावर बायको बोलली. मला न विचारता.

"डॉक्टर, यांचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. हृदयानं. बुटाची नाडी बांधताना."

"असावं," मी म्हटलं, "हृदयानं असावं. तपासलं नव्हतं कुणी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"नोंद नव्हती."

"अहो, हे कळलं असतं तर मी एकशे बत्तीसलाच गोळी दिली असती. एकशे बारा असता तरी दिली असती. मला आकडा मोजलेला चालतो, काढलेला चालतो, मी सूत्रावरसुद्धा विसंबतो. पण घरात कोण कसं गेलं ते मला कुठलं मशीन सांगणार?"

म्हणजे बघा. चार आकडे, तीन सूत्रं, एक अर्ज, दोनशे ग्रॅम लोणी, एक महिना, आणि यातलं काहीही लागत नव्हतं. एक वाक्य लागत होतं, ते माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं, आणि ते सोडून मी सगळं सांगितलं. तीस वर्षांत मी ते कुणाजवळ म्हटलं नव्हतं, बायकोलाही एकदाच, लग्नानंतर. म्हटलं नाही तर ते झालंच नाही, असा काहीतरी हिशोब होता माझा. तो मात्र मी कधी तपासून घेतला नाही.

डॉक्टरांनी लिहिली. अर्धी गोळी, रोज, नाश्त्यानंतर, दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि चारशे बारावर पेन टेकवून, बायकोकडे बघून, "या वेळी उपाशी आहेत ना, तुम्ही खात्री करा."

आता रोज सकाळी हे असं चालतं. कोरडा ब्रेड, बिनसायीचा चहा, आणि बायको गोळी घेते, भाजीची सुरी घेते, गोळीवर मधोमध ठेवते, एक डोळा मिटते, आणि कटकन मोडते. अंदाजानं! पहिल्या दिवशी मला राहवलं नाही. दोन तुकडे स्पष्ट दिसत होते, एक मोठा, एक लहान. मी म्हटलं, "अगं, ही अर्धी कशावरून? ऑफिसातून छोटा काटा आणतो, मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो."

ती म्हणाली, "आज मोठा तुकडा घ्या. उद्या लहान घ्या. दोन दिवसांचं मिळून बरोबर येतं."

एकतीस वर्षांत कुठल्या दुकानदारानं मला हे उत्तर दिलं असतं ना, तर मी त्याचा तराजू जप्त करून दुकानाला सील ठोकलं असतं.

मी आ केला.